शनिवारचा शिवणवर्ग

आधी माफी मागून घेतो. दिवाळी अंकात नोकरीचे अनुभव लिहिणारी माणसं निवृत्त झालेली असतात, त्यांच्यामागे तीस-पस्तीस वर्षांची हजेरी असते. माझ्यामागे साडेतीन वर्षं आहेत, तीही रोज दुपारी एक ते सहा. सकाळी मी इतिहासात एम.ए. करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे छापील कागदाची मला अजून थोडी भीती वाटते. संपादकांना मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा हो म्हणालो, कारण गेल्या महिन्यात माझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं आणि ते काय होतं हे एकदा नीट सांगावंसं वाटलं.

माझं काम सांगतो. दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांची एक फेलोशिप असते. डॉक्टर नाही, औषध नाही, फी नाही. आठवड्यातून एक-दोनदा दीड तास गोल बसायचं आणि आपली गोष्ट सांगायची. याला मीटिंग म्हणतात. नागपुरात असे अनेक गट आहेत आणि त्या सगळ्यांचं मिळून एक छोटं कार्यालय सदर भागात, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. तिथे टेबल, कपाट, चहाची किटली आणि फोन आहे. फोन उचलणं आणि टायपिंग ही माझी नोकरी.

मी स्वतः पीत नाही. माझ्या घरातही कोणी पीत नाही. हे कोणाला खरं वाटत नाही. माझे वडील कळमन्याच्या मार्केट यार्डात हमाली करतात. हमाल म्हटलं की पुढचं वाक्य लोक स्वतःच पूर्ण करतात. कार्यालय सांभाळणाऱ्या मनोहरदादांनीही पहिल्या दिवशी विचारलं, "घरी कोण पिते गा?" मी म्हटलं, कोणीच नाही. ते म्हणाले, "राहू दे. सांगशील हळूहळू." दोन वर्षांनी ते एकदा आमच्या घरी जेवायला आले, वडिलांशी तासभर बोलले आणि जाताना मला म्हणाले, "खरंच नाही पित बाप्पा!" त्यांचा थोडा विरस झाला असावा.

मनोहरदादा विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले आहेत. दारू सोडून त्यांना सव्वीस वर्षं झाली. या मंडळींत आडनाव कोणी विचारत नाही, फक्त नाव. आपल्याकडे आडनाव विचारणं म्हणजे खरं तर काय विचारणं असतं, ते मी सांगायला नको.

नाव बाहेर सांगायचं नाही, हा मला शिकवलेला पहिला नियम. हा नियम किती कामाचा आहे हे लग्नसराईत कळतं. "अमुक कॉलनीतला अमुक मुलगा तुमच्याकडे येतो का हो? नाही, सहज विचारलं. आमच्या भाचीचं पाहून राहिलो." मी म्हणतो, आम्ही कोणाचंच नाव सांगत नाही. मग समोरून, "म्हणजे येते तर!" मी म्हणतो, "तुम्ही तुमचंच नाव सांगा, तेही मी कोणाला सांगणार नाही." फोन ठेवला जातो.

एक गृहस्थ वर्षभर रोज चार वाजता फोन करायचे. "आज मीटिंग कुठं आहे?" मी सांगायचो. "बरं, पाहतो." ते कधीच आले नाहीत. मी कंटाळलो तेव्हा दादा म्हणाले, "ठेवू नको त्याचा फोन. बोलते तेवढा वेळ तर पीत नाही ना तो."

फोन करणाऱ्या बहुतेक बायका असतात, कोणाची आई, कोणाची बायको. त्यामुळे माझ्या तोंडात एक वाक्य बसलं होतं, "तुमच्या घरी कोणाला त्रास आहे?" नोकरीच्या पहिल्या वर्षात एका बाईचा फोन आला. मागे कुकरची शिट्टी होत होती. तिने विचारलं, "तुमच्याकडे बायका येतात का?" मी म्हटलं, "येतात. तुमच्या घरी कोणाला त्रास आहे?" गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मलाच."

मी गडबडून आमच्या महिला गटाच्या सुलभाताईंचा नंबर दिला. बायकांच्या बाबतीत हीच पद्धत होती: पत्ता द्यायचा नाही, सुलभाताईंचा नंबर द्यायचा आणि पुढचं त्या पाहतील. या बाईला मी रेखा म्हणेन. ते तिचं नाव नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. दरवर्षी कार्यालय एक घडीचं पत्रक छापतं. त्यात प्रत्येक गटाचं नाव, जागा, वार, वेळ असते. दवाखान्यांत, पोलीस ठाण्यांत, औषधांच्या दुकानांत ते ठेवतात. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी दादांच्या मनात आलं की मागच्या पानावर प्रत्येक गटाचा चार ओळींचा इतिहास द्यावा. "तू इतिहासवाला आहेस. जा, विचार सगळ्यायले."

मी मनापासून गेलो. जुन्या सदस्यांना भेटलो, वह्या भरल्या. सुरुवातीला सदरमध्ये एकच गट होता आणि तो इंग्रजीत चालायचा. साहेब मंडळी असायची. ज्याला इंग्रजी येत नाही तो मागे बसून मान हलवायचा. मग काहींनी मराठी गट काढला. तेव्हा पहिलं भांडण झालं, की तुम्ही फूट पाडता. मग उत्तर नागपुरातले काही जण वेगळे झाले. मीटिंगच्या शेवटी सगळ्यांनी हात धरून देवाची प्रार्थना म्हणायची रीत होती. ही माणसं बौद्ध घरांतली. हात धरायची, ओठ मिटून उभी राहायची. त्यांच्यातल्या एका वयस्कर सदस्याने मला सांगितलं, "माह्या बापानं देव सोडले, अन् मी दारू सोडायसाठी परत देवाले हात जोडू का? ते लोक म्हणे, देव म्हणजे तुले वाटन ते. मी म्हटलं, मंग मले शांतता वाटते. एक मिनिट चुप बसू द्या." तसं बसू दिलं नाही. मग त्यांनी एका विहाराच्या हॉलमध्ये गट काढला. शेवटी एक मिनिट शांत बसतात आणि घरी जातात. हे ऐकताना मला देव सोडलेले माझे आजोबा आठवत होते. वहीत मात्र मी फक्त जागा आणि वार लिहिले.

पुढे बुटीबोरीच्या कारखान्यांतले कामगार आले. उत्तर प्रदेशचे, बिहारचे. त्यांचा हिंदी गट शिफ्ट पाहून बसतो. प्रत्येक वेळी तेच भांडण आणि तेच वाक्य: दारू जात पाहत नाही, भाषा पाहत नाही, मग वेगळे गट कशाला?

मी दादांना विचारलं, हे वाक्य सगळ्यात आधी कोण म्हणालं? दादा हसायला लागले. "मीच. अन् सगळ्यात मोठ्यानं. विहारातला गट सुरू झाला तेव्हा मी मुद्दाम पाहायले गेलो, हे कसे बुडतात ते. तर तिथं कोण बसून होते? आमच्या गटातून गायब झालेले तिघं. मले वाटे, हे परत प्यायले लागले. ते तर आरामात चहा पिऊन राहिले होते. सोबर!" मग थोडं थांबून म्हणाले, "तेव्हापासून मी ते वाक्य बंद केलं. दारू नसन पाहत, गा. बाजूच्या खुर्चीवरचा पाहते."

शेवटी राहिला महिलांचा गट. सुलभाताई निवृत्त नर्स आहेत. स्पष्ट बोलतात. त्या फेलोशिपमध्ये आल्या तेव्हा चाळीस पुरुषांत एकट्या होत्या. सगळे ताई-ताई करायचे. पण त्यांनी आपली गोष्ट सांगितली की खोली गप्प व्हायची. पुरुषाने बायकोचे दागिने विकल्याचं सांगितलं तर माना डोलायच्या. ताईंनी मुलाला शाळेतून आणायला विसरल्याचं सांगितलं तर माना खाली जायच्या. "पुरुष पिला की घर बिघडलं म्हणते, बाई पिली की बाई बिघडली म्हणते," त्या मला म्हणाल्या. "मंग मी म्हटलं, आपण आपलं बसू."

त्यांचा गट शनिवारी दुपारी तीन वाजता एका शिवणवर्गाच्या खोलीत बसायचा. ती जागा आता सुटली आहे म्हणूनच सांगतो. वर्ग चालवणारी बाई ताईंची मैत्रीण होती. ज्यांना घरी खरं सांगता येत नव्हतं त्या ब्लाउज शिकायला जाते म्हणून निघायच्या. घरी कधीतरी काही दाखवावं लागणार, म्हणून ताई एक कापलेला ब्लाउज पिशवीत ठेवायच्या. तो आळीपाळीने सगळ्यांच्या घरी जाऊन यायचा. एकीची सासू म्हणाली होती, "दीड वर्षात एक बाही नाही लागली वं तुह्याच्यानं, फी परत माग." हे सांगताना ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी बाहेरच्या बाकावर बसून हे सगळं लिहून घेतलं. तीन वाजायला आले तेव्हा कापडी पिशव्या घेऊन बायका येऊ लागल्या आणि मी उठून निघालो. त्यांच्यात रेखा होती का ते मला माहीत नाही. मी तिला कधीच पाहिलेलं नाही.

पत्रक जुळवायला बसलो. नऊ गटांची नावं, जागा, वार, वेळ. दहाव्या ओळीत फक्त एवढंच: महिलांसाठी कार्यालयात फोन करावा. वर्षानुवर्षं हीच ओळ छापली जात होती.

त्याच वर्षी आम्हाला वर्गात शिकवलं होतं की कागदपत्रांतून बायका गाळल्या जातात आणि इतिहास लिहिणाऱ्याने त्यांची जागा परत द्यायची असते. मला ते फार पटलं होतं. आमच्या समाजाच्या बाबतीत तर मी ते घरातच पाहिलं होतं. मला वाटलं, हा अन्यायच आहे. सर्वांत धाडसाने उभा राहिलेला गट, आणि यादीत त्यालाच जागा नाही. दादा तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे पुण्याला गेले होते. फोनवर म्हणाले होते, "यादी मागच्या वर्षीचीच ठेव, फक्त वेळा पाहून घे." मी दहावी ओळ बदलली. महिला गट, शिवणवर्गाची खोली, पूर्ण पत्ता, शनिवार दुपारी तीन. सुलभाताईंना विचारलं नाही. पत्रक हातात पडल्यावर त्यांना आनंद होईल, असं माझ्या मनात होतं.

मी कोणाचंही नाव छापलं नव्हतं. नाव सांगायचं नाही हा नियम मी पाळला होता. ज्या घरात शनिवारचा शिवणवर्ग माहीत आहे, त्या घरात तो पत्ता म्हणजेच नाव आहे, एवढं मला सुचलं नाही.

पत्रकं वाटून दोन आठवडे झाले असतील. शनिवारी सव्वाचारला फोन वाजला. सुलभाताई होत्या.

"काय छापलं गा तू?"

मला वाटलं, वेळ चुकली.

"रेखाचा दीर आल्ता. हातात तुहं पत्रक. दवाखान्यात भेटलं म्हणे. दारात उभा राहून तिले म्हणते, वहिनी, काय शिवून राहिल्या तुम्ही?"

मी टेबलावरचं पत्रक उलगडलं.

"ओरडला असता तर आम्ही पाहून घेतलं असतं. तो हसून राहिला होता. ती उठली, चप्पल घातली अन् गेली त्याच्या मागं. पिशवीसुद्धा इथंच आहे. सात महिने झाले होते तिले, सात महिने!"

सात महिने म्हणजे दारूविना सात महिने.

त्या संध्याकाळपासून रेखाचा फोन बंद झाला. ताईंनी माझ्यापासून काही लपवलं नाही. म्हणाल्या, असं उघडं पडल्यावर दोनच गोष्टी होतात. बाई हट्टाने उभी राहते, नाहीतर घरात कोंडली जाते आणि तिथेच पिते, कारण आता लपवायला काही उरलेलं नसतं. दुसऱ्या प्रकारच्या दोघी त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांतली एक आता नाही.

दादा डोळ्यावर काळा चष्मा लावून पुण्याहून परत आले. मी राजीनामा लिहून ठेवला होता. त्यांनी तो वाचला नाही, वाचताच येत नव्हता. म्हणाले, "आधी पत्रकं गोळा करू." तीन दिवस मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून शहरभर फिरलो. जिथे पत्रकं होती तिथून उचलली. ताईंनी आधी जायला सांगितलेल्या, रेखाच्या घराजवळच्या एका दवाखान्यात कोणीतरी ते भिंतीला डिंकाने चिकटवलं होतं. मी ब्लेडने ती ओळ खरडू लागलो.

"काय खरडून राहिला रे?" रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"चुकीचं छापलं होतं, बाबा."

"मंग पूर्णच काढ ना. अर्धं काहून ठेवतो?"

"बाकीचं बरोबर आहे," मी म्हटलं. म्हाताऱ्याने बाकीचं वाचलं आणि गुपचूप एका गटाची वेळ तळहातावर लिहून घेतली. हे मला तेव्हा दिसलं, पण त्याचा आनंद झाला नाही.

चौथ्या दिवशी मी दादांना म्हटलं, "मी रेखाताईंच्या घरी जातो. दिराच्या पाया पडतो. सांगतो, चूक माझी आहे, त्यांना येऊ द्या." या मंडळींत ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जाऊन माफी मागायची रीत आहे. मला वाटलं, दादा हो म्हणतील.

"बस खाली," दादा म्हणाले. "माफी मागायची, बराबर. पण जिथं माफीनं त्या माणसाचं अजून नुकसान होते, तिथं नाही मागायची. हेही आमच्यात लिहिलेलं आहे. एक अनोळखी पोरगा तिच्या दारात जाऊन तिचं नाव घेईन, तर शेजारच्यायले काय वाटन? अजून एकदा पत्ता छापल्यासारखं होईन ते."

"मग मी काय करू?"

"फोन उचल."

एवढंच त्यांनी सांगितलं आणि मी तेवढंच केलं. राजीनामा त्यांनी कपाटात ठेवला. अजून तिथेच असेल.

महिलांचा गट चार शनिवार बसला नाही. पाचव्या शनिवारी दुसरीकडे बसला. कुठे ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. दोघी परत आल्या नाहीत. त्यांतली एक नंतर आली, रेखा आली नाही. सुरुवातीला मी ताईंना दर आठवड्याला विचारायचो. त्या नाही म्हणायच्या. पुढे मी विचारणं कमी केलं, कारण नाही म्हणताना त्यांनाच त्रास होतो असं लक्षात आलं. पण एखादी बाई फोनवर बोलता बोलता थांबली की ती रेखाच असेल असं मला वाटायचं. आणि मी ते वाक्य बदललं. आता मी कोणालाही, बाईला किंवा पुरुषाला, एवढंच म्हणतो, "सांगा, मी ऐकतो आहे."

चौदा महिने गेले. पुढच्या वर्षीचं पत्रक छापून झालं. त्याच्या मागच्या पानावर या वेळी गटांचा इतिहास आहे. मला वाटतं, तो बरा लिहिला गेला आहे. महिलांच्या गटाच्या चार ओळी सुलभाताईंनी स्वतः लिहून दिल्या, त्यात जागा नाही, वार नाही, आणि त्या चारही ओळी खऱ्या आहेत. दहावी ओळ जुनीच आहे. कागदावरची कोरी जागा म्हणजे कोणीतरी विसरलेली जागा, असं मी धरून चाललो होतो. काही जागा कोणीतरी मुद्दाम कोऱ्या ठेवलेल्या असतात, हे कुठल्या पुस्तकात असेल तर मला अजून सापडलेलं नाही.

गेल्या महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, सुलभाताई स्वतः जिना चढून कार्यालयात आल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्या कधी वर येत नाहीत. दादांनी खुर्ची दिली. ताईंनी पाणी मागितलं आणि मी ग्लास भरत असतानाच म्हणाल्या, "रेखाचा फोन आल्ता काल. प्यायली नाही."

मी अर्धाच भरलेला ग्लास त्यांच्यापुढे धरला.

"एक दिवससुद्धा नाही. एकवीस महिने झाले." त्यांनी ग्लास घेतला. "त्या लोकांनी फोन काढून घेतला होता तिचा. पण दर शनिवारी तीन वाजता ती आतल्या खोलीत कडी लावून बसायची. एकटीच. आमच्या सगळ्यायचं नाव घ्यायची अन् प्रत्येकीच्या वाटचं स्वतःच बोलायची. दीड तास. सासू म्हणे, वेडी झाली. चार महिने केलं तिनं असं. मंग मुलीले घेऊन माहेरी गेली."

दादांनी काळा चष्मा केव्हाच सोडला होता, तरी ते खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होते.

"मी..." मी सुरुवात केली.

"तू जास्त खुश नको होऊ," ताई म्हणाल्या. "तुह्या चुकीनं भलं झालं, असं नको समजू. तू छापलं नसतं तरी वाचली असती ती, अन् आमच्या संगं वाचली असती."

"हो ताई."

"पण सांगायचं होतं तुले. तू विचारणं बंद केलं होतं, पण तोंडावर दिसे."

मी मान हलवली. गेले चौदा महिने मी नीट श्वास घेतला नव्हता, असं मला त्या क्षणी वाटलं. हे जरा मोठं वाक्य झालं, पण खोटं नाही.

"आता कुठं जातात त्या?" मी विचारलं आणि लगेच म्हटलं, "नाही, गाव नका सांगू."

"नाहीच सांगत," ताई म्हणाल्या. "तिकडं लहान गट आहे, सगळे पुरुष. सुरुवातीले एकटीच शेवटच्या खुर्चीवर बसे. आता अजून दोन बायका यायले लागल्या. मागच्या आठवड्यापासून तिघी वेगळ्या बसून राहिल्या."